कथेतील देव आणि कर्माची जबाबदारी

रविवारी सकाळी विहारात बालसंस्कार वर्ग भरतो. मुले त्रिशरण-पंचशील म्हणतात. बावीस प्रतिज्ञांचे सामुदायिक वाचन होते आणि ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानण्याची प्रतिज्ञा ती मुले खणखणीत आवाजात उच्चारतात. तीच मुले दुपारी घरी भ्रमणध्वनी हातात घेऊन एखाद्या कल्पित कथेचा खेळ खेळू लागतात. त्या खेळात एक देवी प्रकट होते, नायिकेला शस्त्र देते आणि असुरांचा संहार करण्याची आज्ञा करते. मूल ती आज्ञा पाळते, कारण पाळल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नाही. हे दृश्य आज वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावीही नवे राहिलेले नाही. "असले खेळ आपल्या मुलांनी खेळावेत काय?" अशी पृच्छा अनेक उपासक-उपासिका करीत असतात.

या पृच्छेला दोन उत्तरे चटकन दिली जातात. एक म्हणजे, "देवांची गोष्ट आली की ती बंद करा." दुसरे म्हणजे, "तो खेळच आहे, त्याचे काय एवढे मनावर घ्यायचे?" ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. पहिले उत्तर मान्य केले तर पाली साहित्यातील पुष्कळ कथा आपल्याला बाजूला ठेवाव्या लागतील, कारण त्यांत शक्र आहे, ब्रह्मा आहे, वृक्षदेवता आहेत. दुसरे उत्तर मान्य केले तर कथेचा मनावर परिणाम होत नाही असे मानावे लागेल. तसे असते तर या देशात हजारो वर्षे पुराणे सांगितली गेली नसती आणि चातुर्वर्ण्य एवढे खोलवर रुजलेही नसते.

असे खेळ रचणाऱ्या लेखकांमध्येही या संबंधात एक वाद चालत आलेला आहे. आपण जे कल्पित विश्व निर्माण करतो त्यात देव निश्चितपणे असावेत काय? की ते आहेत किंवा नाहीत हे त्या विश्वातील कोणालाच कळू नये, असे संदिग्ध ठेवावे? वरवर पाहता हा करमणुकीच्या क्षेत्रातील वाद आहे. परंतु तो ज्या मुद्द्यावर येऊन ठेपतो तो मुद्दा धम्माच्या अभ्यासकांना अपरिचित नाही. म्हणून या वादाचे स्वरूप समजून घेऊन, बौद्ध कथापरंपरेने त्याचे उत्तर कसे दिले आहे हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन प्रकारची कल्पित विश्वे

अशा खेळांच्या आधुनिक परंपरेचा उगम अमेरिकेत १९७४ साली प्रकाशित झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन हे त्याचे कर्ते होत. चार-सहा जण एकत्र बसतात, एक जण कथा सांगतो, इतर जण त्या कथेतील पात्रे होतात आणि फासे टाकून प्रसंगांचा निकाल लावतात, असे त्याचे मूळ रूप आहे. संगणकावरील पुष्कळसे खेळ याच परंपरेतून निघाले. १९८० साली या खेळासाठी देवदेवतांचा एक ग्रंथ निघाला. त्यात ग्रीक, ईजिप्शियन इत्यादी देवांबरोबर भारतीय देवही होते आणि प्रत्येक देवाची जीवनशक्ती आकड्यांत दिलेली होती. म्हणजे देव किती घाव सोसू शकेल याचे मोजमाप ठरलेले होते. ही गोष्ट हास्यास्पद वाटेल, पण तिच्यात एक अर्थ दडलेला आहे. ज्याची शक्ती मोजता येते तो सर्वशक्तिमान राहत नाही. या मुद्द्याकडे आपण पुढे पुन्हा येणार आहोत.

याच खेळासाठी 'फर्गॉटन रेल्म्स' नावाचे एक कल्पित विश्व १९८७ साली प्रसिद्ध झाले. एड ग्रीनवुड हे त्याचे जनक. या विश्वात देव निश्चितपणे आहेत. ते पृथ्वीवर उतरतात, भांडतात, मरतात आणि पुरोहितांना सामर्थ्य देतात. तेथे देव आहेत की नाहीत असा प्रश्न कोणी विचारला तर तो मूर्ख ठरतो. आता याचा परिणाम पाहा. कोणत्याही देवाला न भजणाऱ्या माणसाचा आत्मा मृत्यूनंतर एका भिंतीत चिणला जातो आणि तेथे हळूहळू विरून जातो, असे वर्णन या विश्वाच्या कथांत आले. तो माणूस सदाचारी होता की दुराचारी, याला तेथे महत्त्व नाही. त्याने भजन केले नाही एवढाच त्याचा अपराध. २००७ साली निघालेल्या 'मास्क ऑफ द बिट्रेयर' या संगणकीय खेळात हीच भिंत कथानकाच्या केंद्रस्थानी आहे. तिच्याविरुद्ध एका पुरोहितानेच पूर्वी केलेल्या बंडाची हकीकत त्यात आहे. विश्व रचणाऱ्यांच्या अंगणातच हा अन्याय कोणाला तरी खुपला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच्या उलट उदाहरण म्हणजे २००४ साली प्रसिद्ध झालेले 'एबेरॉन' हे विश्व. कीथ बेकर हे त्याचे जनक. तेथे धर्म आहेत, मंदिरे आहेत, पुरोहित आहेत, पण देव कधी समोर येऊन उभा राहत नाही. पुरोहिताला जे सामर्थ्य लाभते ते देवाकडून लाभते की त्याच्या स्वतःच्या श्रद्धेतून, हे कोणालाही सिद्ध करता येत नाही. कोणत्याही देवाला न मानणाऱ्या पंथांतील लोकांनाही तेच सामर्थ्य लाभते. मोठ्या पदावरील पुरोहित दुष्ट असू शकतो आणि देव त्याला शासन करण्यासाठी धावून येत नाही.

आपल्या महाराष्ट्रातील उदाहरण घ्यावयाचे झाल्यास पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने तयार केलेला आणि २०२० साली प्रकाशित झालेला 'राजी : अॅन एन्शंट एपिक' हा खेळ घेता येईल. सर्कशीत काम करणारी राजी नावाची मुलगी असुरांनी पळवून नेलेल्या आपल्या भावाच्या शोधार्थ निघते. तिची कथा दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून सांगितली जाते आणि तिला दिव्य शस्त्रे देवांकडून मिळतात. एका सामान्य मुलीला नायिकापद देणे ही या खेळाची जमेची बाजू होय. ती धावते, पडते, पुन्हा उठते. हे शौर्य तिचे स्वतःचे आहे. परंतु तिची निवड देवांनी केली आहे, तिचा अर्थ देव लावतात आणि तिची गोष्टही देवच सांगतात. येथे देव संदिग्ध नाहीत. ते निवेदक आहेत.

संदिग्धतेची बाजू आणि तिची मर्यादा

देव संदिग्ध ठेवावेत असे म्हणणाऱ्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा आहे. देव जर निश्चितपणे असतील आणि विचारल्यावर उत्तर देत असतील तर माणसाला स्वतः विचार करण्याचे कारण उरत नाही. योग्य काय, अयोग्य काय, हे देवालाच विचारावे. मग श्रद्धेलाही अर्थ राहत नाही आणि शंकेलाही राहत नाही. याउलट, देव असेल किंवा नसेलही अशी स्थिती असली की माणसाला आपला निर्णय आपणच घ्यावा लागतो. त्याच्या चुकीची जबाबदारी त्याच्यावरच राहते. कथा तेव्हाच माणसाची होते.

या युक्तिवादात बरेच तथ्य आहे. ज्या विश्वात अश्रद्ध माणसाला भिंतीत चिणतात त्या विश्वापेक्षा, अश्रद्ध माणूसही सश्रद्ध माणसाइतकाच उभा राहू शकतो असे विश्व केव्हाही अधिक माणुसकीचे होय.

तरीही संदिग्धता स्वयमेव सद्गुण आहे असे समजण्याचे कारण नाही. आपल्याकडे ज्याच्या अंगात देव येतो असे म्हणतात त्याचा सगळा व्यवहार संदिग्धतेवरच चालतो. देव खरोखर आला की नाही हे कोणालाच ठरवता येत नाही आणि न ठरवता येण्यातच त्याचे सामर्थ्य असते. "असेलही बापा, कोणी पाहिले आहे?" या एका वाक्याच्या आधाराने गावोगावी किती कोंबड्या-बकऱ्या कापल्या गेल्या आणि किती बायांना छळ सोसावा लागला, हे आपण जाणतो. म्हणजे तीच संदिग्धता एका ठिकाणी माणसाला स्वतंत्र करते आणि दुसऱ्या ठिकाणी गुलाम करते. तेव्हा देव आहे, नाही, की संदिग्ध आहे, एवढ्यावर कथेचे मूल्य ठरत नाही. ते कशावर ठरते हे पाहण्यासाठी आपल्याच भूमीतील एका जुन्या कथासंग्रहाकडे वळू या. तो संग्रह भिंतींवर रंगवलेला आहे.

वत्सगुल्म आणि अजिंठा

आजचे वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक घराण्याच्या एका शाखेची ही राजधानी होती. सर्वसेन हा या शाखेचा संस्थापक आणि पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊन गेलेला हरिषेण हा तिचा सर्वांत प्रतापी राजा. १९३९ साली वाशीम येथे मिळालेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटामुळे या शाखेच्या इतिहासावर नवा प्रकाश पडला. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी या घराण्याच्या लेखांचा जो अभ्यास केला तो सर्वमान्य आहे. हा ताम्रपट अथर्ववेदी ब्राह्मणांना दिलेल्या दानाचा आहे. म्हणजे हे राजघराणे बौद्ध नव्हते. पण हरिषेणाचा अमात्य वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. सतरावे लेणे हरिषेणाच्या एका मांडलिकाने कोरविले. धाकट्या भावाच्या मृत्यूने हा मांडलिक व्यथित झाला होता, असे तेथील लेखावरून दिसते. भाऊ परत मिळावा म्हणून त्याने कोणा देवाला नवस केला नाही. शोकातून तो दानाकडे वळला. भिक्षुसंघासाठी त्याने एक विहार उभा केला.

या सतराव्या लेण्यात शिबी, वेस्सन्तर, छद्दन्त, महाकपी, साम अशा अनेक जातककथा रंगविल्या आहेत. त्याच्या ओसरीत मेघांतून उडत येणाऱ्या इंद्राचे आणि अप्सरांचे सुप्रसिद्ध चित्र आहे. चित्रकाराने देवांचे सौंदर्य रंगवताना हात आखडता घेतलेला नाही. परंतु त्याच ओसरीत भवचक्राचे भग्नावस्थेतील एक चित्रही आहे. जन्म-मरणाच्या फिरत्या चक्राचे हे चित्र असून या चक्रात ज्या गती मानल्या आहेत त्यांत देवगतीही एक आहे. देव चक्राच्या आत आहेत, चक्र फिरविणारे नव्हेत. बौद्ध कलाकाराने देव चित्रातून हाकलले नाहीत आणि संदिग्ध धुक्यातही ठेवले नाहीत. त्याने त्यांची जागा बदलली.

पाली कथांतील देवांची जागा

ही जागा नेमकी कोणती, हे तीन कथांवरून स्पष्ट होते.

पहिली कथा दीघनिकायातील केवट्ट सुत्तात येते. चार महाभूते निःशेष कोठे निरुद्ध होतात, असा प्रश्न एका भिक्षूला पडतो. उत्तर शोधीत तो एकेका देवलोकात जातो. प्रत्येक ठिकाणचे देव सांगतात, आम्हाला ठाऊक नाही, आमच्याहून श्रेष्ठ असलेल्यांना विचार. शेवटी महाब्रह्मा प्रकट होतो. भिक्षू प्रश्न विचारतो आणि महाब्रह्मा उत्तराऐवजी आपली बिरुदावली सांगतो: आपण स्रष्टा आहोत, नियंता आहोत, सर्वांचा पिता आहोत. भिक्षू म्हणतो, हे मी विचारले नव्हते. असे पुन्हा पुन्हा झाल्यावर महाब्रह्मा त्याचा दंड धरून त्याला बाजूला नेतो आणि हळूच कबूल करतो की उत्तर मलाही ठाऊक नाही. पण या सर्व देवांना मी सर्वज्ञ वाटतो, म्हणून त्यांच्या समोर बोललो नाही. तू तथागतांना सोडून इकडे आलास ही तुझी चूक झाली. भिक्षू परत येतो तेव्हा तथागत त्याला आधी सांगतात की तुझा प्रश्नच नीट मांडलेला नाही आणि तो नव्याने मांडून दाखवितात. या कथेत देवाचे अस्तित्व नाकारलेले नाही. त्याचा अधिकार मात्र पूर्णपणे नाकारलेला आहे, आणि तोही हसतखेळत.

दुसरी कथा आयाचितभत्त जातकाची. एक गृहस्थ प्रवासाला जाताना वडाच्या झाडावरील देवतेला नवस बोलतो. सुखरूप परतल्यावर पुष्कळ प्राणी मारून तो नवस फेडतो. तेव्हा ती वृक्षदेवताच त्याला सांगते की अशा रीतीने मनुष्य मुक्त होत नाही, उलट अधिक बांधला जातो. ज्या देवतेच्या नावाने बळी दिला जातो तिच्याच तोंडून बळीचा निषेध करविणारा हा कथाकार किती चतुर होता!

तिसरी कथा शिबी जातकाची. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात ती रंगविलेली आहे. शिबी राजाच्या दानाची परीक्षा पाहण्यासाठी शक्र अंध ब्राह्मणाच्या रूपाने येतो आणि डोळे मागतो. राजा डोळे देतो. पुढे शक्र आपल्या खऱ्या रूपात येतो तेव्हा वाचकाला वाटते की आता देव डोळे परत देणार. पण शक्र सांगतो की मी देवांचा राजा असलो तरी दुसऱ्याला डोळा देण्याचे सामर्थ्य माझ्यात नाही. तुझ्या दानाच्या फलानेच तुला दृष्टी मिळेल. राजाच्या सत्यवचनाने त्याला दृष्टी लाभते. पुराणातील कथा असती तर येथे वर मिळाला असता. जातककथेत वर नाही, फल आहे.

या तिन्ही कथांत देव आहे. तो बोलतो, चालतो, कधी मदतही करतो. परंतु जग त्याने निर्माण केलेले नाही, कर्माचे फल त्याच्या हाती नाही आणि मृत्यू त्यालाही चुकलेला नाही. देवाचे पतन जवळ आले की त्याच्या माळा कोमेजतात, वस्त्रे मळतात, घाम येतो, असे इतिवुत्तकात वर्णन आहे. १९८० सालच्या त्या खेळग्रंथाने देवांच्या आयुष्याला आकडा लावला; पाली साहित्याने त्याच्या कितीतरी आधी देवांच्या आयुष्याला अंत लावला होता. शक्ती मोजता आली की भय ओसरते.

प्रश्नच बदलण्याची रीत

मज्झिमनिकायातील कण्णकत्थल सुत्तात राजा प्रसेनजित तथागतांना सरळच विचारतो की देव आहेत काय? तथागत त्याला उलट विचारतात, महाराज, हे आपण कशासाठी विचारता? तेव्हा राजाच्या मनातला खरा प्रश्न बाहेर येतो. देव पुन्हा या लोकी जन्म घेतात की नाही, हे त्याला जाणून घ्यावयाचे असते. तथागतांचे उत्तर असे की, जे द्वेषादी पीडेने युक्त आहेत ते परत येतात, जे तिच्यापासून मुक्त आहेत ते येत नाहीत. म्हणजे देवासंबंधीच्या प्रश्नाचे उत्तरही शेवटी चित्ताच्या शुद्धीवर येऊन थांबते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. पाली साहित्यात देवांचे अस्तित्व अनेक ठिकाणी गृहीत धरलेले आहे. तो काळच तसा होता. परंतु ज्या ठिकाणी तडजोड नाही असे एक स्थान त्यात आहे, आणि ते अंगुत्तरनिकायातील तित्थ सुत्तात स्पष्ट दिसते. मनुष्य जे सुख-दुःख भोगतो ते सर्व ईश्वराने निर्माण केल्यामुळे भोगतो, असे म्हणणाऱ्यांना तथागत विचारतात की मग माणसे हत्या करतात, चोरी करतात, असत्य बोलतात, तेही ईश्वराने निर्माण केल्यामुळेच काय? असे मानले तर हे करावे आणि हे करू नये या विवेकाला, इच्छेला आणि प्रयत्नाला काही स्थानच उरत नाही. तथागतांचा खरा आक्षेप येथे आहे. देव आकाशात आहे की नाही यापेक्षा, त्याच्या नावावर माणसाने आपली जबाबदारी टाकली की काय, हे ते पाहतात.

हीच ती कसोटी होय. कथेत देव असो, नसो किंवा संदिग्ध असो. कर्माचा हिशेब शेवटी कोणाच्या नावावर मांडला जातो?

एक अडचणीची कथा

ही कसोटी आपल्या स्वतःच्या परंपरेलाही लावली पाहिजे. दुम्मेध जातकात बोधिसत्त्व वाराणसीचा राजपुत्र आहे. लोक देवांसाठी असंख्य प्राण्यांचे बळी देतात हे पाहून तो व्यथित होतो. एका वडाच्या झाडात देवता आहे अशी लोकांची समजूत असते. राजपुत्र तेथे जाऊन फुले आणि गंध वाहून पूजा करू लागतो; हिंसा मात्र करीत नाही. राजा झाल्यावर तो जाहीर करतो की, मला राज्य मिळाले तर मी दुराचरणी माणसांचा बळी देईन असा नवस मी या देवतेला केला होता. तेव्हा जे प्राणिहिंसादी दुराचार करतील अशा एक हजार जणांना पकडून आणा. दवंडी पिटताच लोक हिंसा सोडतात आणि एकालाही न मारता राज्यात शील प्रस्थापित होते.

कथा मोठी चातुर्याची आहे. देव आहे की नाही हे राजाने संदिग्ध ठेवले आणि त्या संदिग्धतेचा उपयोग प्राण्यांचे जीव वाचविण्यासाठी केला. हेतू करुणेचा, परिणामही इष्ट. तरीही आज ही कथा वाचताना मन थोडे अडखळते. लोकांनी हिंसा सोडली ती समजून की भिऊन? त्या राजाच्या मागून दुसरा राजा आला आणि त्याच देवतेच्या नावाने त्याने उलट नवस जाहीर केला तर लोक काय करतील? ज्यांची प्रज्ञा जागृत झालेली नाही ते त्याचेही ऐकतील. भयाने आलेले शील भय संपताच संपते. म्हणून ही कथा मुलांना सांगताना तिच्या चातुर्याबरोबर तिची मर्यादाही सांगावी. धम्म लोकांना फसवून चांगले करीत नाही; तो त्यांना जागे करतो.

बाबासाहेबांची दृष्टी

परमपूज्य बाबासाहेब आंबेडकरांच्या समोर हा प्रश्न अत्यंत तीव्र स्वरूपात उभा होता. त्यांना एका समाजाच्या हाती धम्म द्यावयाचा होता आणि त्या समाजाला देवांच्या नावानेच शतकानुशतके माणुसकीबाहेर ठेवण्यात आले होते. त्यांच्यासाठी देवाचा प्रश्न हा तत्त्वचर्चेचा विषय नव्हता. तो पाणवठ्याचा आणि मंदिराच्या दाराचा विषय होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे त्यांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्यांत म्हणूनच संदिग्धतेला जागा नाही. देवांवरील विश्वास, अवतारकल्पना आणि बुद्ध हा विष्णूचा अवतार असल्याचा प्रचार यांचा त्यांत निःसंदिग्ध त्याग आहे. जीवनाचा निर्णय घेताना "असेलही, नसेलही" म्हणून चालत नाही.

परंतु कथेच्या बाबतीत बाबासाहेबांची रीत अधिक सूक्ष्म आहे. १९५७ साली त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हणून रोगी, वृद्ध आणि प्रेत पाहण्याची अद्भुत कथा त्यांनी स्वीकारली नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा त्यांनी कारण म्हणून मांडला. देवांनी घडवून आणलेल्या दृश्यांच्या जागी माणसाने विवेकाने घेतलेला निर्णय आला. त्याच ग्रंथात अलौकिकावरील आणि ईश्वरावरील विश्वासाची गणना, जे धम्म नाही त्यात केली आहे. तरीही धम्मोपदेशाच्या प्रारंभीचा ब्रह्मा सहंपतीचा प्रसंग त्यांनी ग्रंथात ठेवला आहे. हा ब्रह्मा विनंती करतो आणि आनंदाने शुभवार्ता सांगतो. निर्णय मात्र बुद्धांचा, करुणा बुद्धांची आणि मार्गही बुद्धांचाच. ज्या ब्रह्म्याला प्रतिज्ञेत देव म्हणून नाकारले तोच कथेत पात्र म्हणून निरुपद्रवी राहू शकतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

बुद्धवचन कोणते हे ठरविण्यासाठी त्यांनी सांगितलेल्या कसोट्याही येथे उपयोगी पडतात. जे बुद्धिसंगत आहे ते बुद्धांचे मानावे. मानवाच्या कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडत नसत. आणि ज्या विषयांत त्यांना निश्चिती नव्हती त्यांवरील त्यांची मते तात्पुरती समजावीत. अनिश्चित गोष्ट अनिश्चित म्हणून सांगणे हा प्रामाणिकपणा आहे. ती अनिश्चित ठेवून तिच्या आडून सत्ता गाजविणे हे ढोंग आहे. संदिग्धतेच्या या दोन प्रकारांतील भेद पुसट होऊ देता कामा नये.

महाराष्ट्रात २०१३ साली झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचे तत्त्वही याच दिशेचे आहे. देव आहे की नाही याचा निवाडा हा कायदा करीत नाही. अंगात दैवी शक्ती संचारल्याचे भासवून कोणी भय निर्माण केले, फसवणूक केली किंवा इजा केली तर ते कृत्य हा अपराध ठरतो. प्रश्न अस्तित्वाचा नाही, कृतीचा आहे.

पालकांनी आणि लेखकांनी काय पाहावे?

आता आपण मूळ पृच्छेकडे येऊ. मुलाच्या हातातील खेळात किंवा पुस्तकात देव आले म्हणून ते लगेच काढून घेण्याची आवश्यकता नाही. त्याच्या शेजारी बसून पुढील तीन गोष्टी मात्र अवश्य पाहाव्यात.

एक, त्या कथेत देवाला न मानणाऱ्या माणसाचे काय होते? तो सदाचारी असूनही केवळ अश्रद्ध म्हणून शिक्षेस पात्र ठरत असेल तर ती कथा अन्यायाची आहे आणि ते मुलाला स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

दोन, देव एखादी चुकीची आज्ञा देईल तर नायकाला ती नाकारता येते काय? जेथे नकार देता येतो तेथे शील संभवते. जेथे आज्ञा पाळण्याशिवाय गत्यंतर नाही तेथे शौर्य असेल, शील नाही.

तीन, शत्रू जन्माने शत्रू आहे की कर्माने? असुर कुळात जन्मला म्हणून वध्य, अशी कथा असेल तर देव असोत वा नसोत, तिच्यात वर्णव्यवस्थाच वेष पालटून आलेली आहे. ही कसोटी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच आपल्या ध्यानातून सुटते. देव संदिग्ध ठेवणाऱ्या कथेतही ही विषमता निश्चित स्वरूपात असू शकते.

आपल्या तरुणांमध्ये संगणकाचे शिक्षण घेतलेले अनेक जण आज आहेत. उद्या त्यांच्यापैकी कोणी असा खेळ रचणार असेल तर त्याने सामग्रीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. धर्मानंद कोसंबी आणि दुर्गा भागवत यांनी जातककथा मराठीत आणून ठेवल्या आहेत. वत्सगुल्माच्या राजांच्या काळात रंगविलेल्या भिंती अजिंठ्यात उभ्या आहेत. तेथील इंद्र सुंदर आहे, त्याला खुशाल खेळात घ्यावे. त्याला उडू द्यावे, बोलू द्यावे, परीक्षाही घेऊ द्यावी. फक्त जेव्हा राजाला डोळे परत मिळण्याची वेळ येईल तेव्हा त्या इंद्राने, जातकातल्याप्रमाणेच, हे माझ्या हातात नाही असे म्हणावे. त्या क्षणी खेळणाऱ्या मुलाला पुढचे पाऊल स्वतःच टाकावे लागेल.